मैनेचा उजवा पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढंही नाही. देवापुढं उभा राहिलो की मी भलतंच काहीतरी बोलत सुटतो, गुडघे दुखतात, पाऊस पडू दे, असलं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जीभ थोडी सैल सुटतेय. तरी आत्ता सांगायला बसलोय. दार लावून घेतलंय. कोण ऐकणार आहे इथं? कोणी नाही. पण लावलंय.

माझं नाव यशवंत. राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागांमधे आमची वस्ती आहे. धंदा बापापासूनचा — लग्नाच्या वरातीला घोडी द्यायची आणि आसपासच्या घोड्यांना नाल ठोकायचे. लग्नसराई नसली की नाल, नाल नसले की लग्नसराई. शिक्षण बेताचंच. पण घोड्याचा पाय हातात घेतला की त्याला काय होतंय ते मला कळतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. कळलं नाही म्हणून झालं, असं मला म्हणता येत नाही, एवढ्यासाठी सांगतोय.

रूथ ही आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंची मुलगी. संगमनेरला कॉलेजात होती. नाशिक-पुणे रस्त्यावर स्कूटीवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. म्हणजे पाय आहेत, पण ते तिला काही सांगत नाहीत. चटका बसला तरी कळत नाही. कोणी डॉक्टर म्हणाले, घोड्यावर बसवा, पाठीत ताकद येईल. बाई माझ्या दारात आल्या. ख्रिस्ती कुटुंब, लई साधी माणसं. "यशवंतराव, नुसतं बसवून बघा," म्हणाल्या. तेव्हा माझी मैना वरातीत नाचायची. अंगानं दणकट, स्वभावानं गाय. बसवलं रूथला. आणि ती पोर अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसली. बाई पदर तोंडाला लावून पेरूच्या झाडामागं गेल्या.

पुढं कळलं की दिव्यांग स्वारांच्याही स्पर्धा असतात. पळवायचं नाही, उड्या नाहीत. आखलेल्या चौकोनात घोडं फक्त चालवायचं — कसं चालतं, कुठं वळतं, सांगितल्या जागी थांबतं का, त्याला गुण. रूथचे पाय खोगिराला पट्ट्यांनी धरून ठेवायचे. पायांऐवजी दोन्ही हातांत छड्या, त्यांनी ती मैनेला बोलायची. आणि चढायच्या आधी दर वेळी मला विचारायची, "मामा, कशी हाय आज?" कारण बाकीच्या स्वारांना मांडीखाली जे कळतं ते तिला कळायचं नाही. मी मैनेला चालवून बघायचो, पायांवरून हात फिरवायचो आणि सांगायचो. मी सांगीन ते तिच्यासाठी खरं. "मामांचे पाय तेच माझे पाय," असं ती लोकांना सांगायची. अजून सांगते.

आता तुम्ही नगरकडचे असाल — अहिल्यानगर म्हणायचं आता, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय — तर लाडवाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती मला सांगायची नाहीये. ती सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं थंडीत घोडीला डिंकाचा लाडू भरवतात. बाळंतिणीला देतात तोच. बाईंनी नाताळाच्या फराळासोबत केले होते, मायेनं मैनेलाही दिले. मी तिथंच उभा होतो, मीच म्हणालो, द्या की. लाडवात खसखस होती. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचंच बी, हे आमच्या कोणाच्या डोक्यात यायला पाहिजे होतं? नाही आलं. पुढच्या स्पर्धेनंतर मैनेच्या लघवीचा नमुना घेतला, त्यात अफूचा अंश सापडला. रूथचे गुण पुसले, तिला बराच काळ स्पर्धेबाहेर ठेवलं. बाई ओट्यावर बसून हमसून हमसून रडल्या. आणि तबेल्यातबेल्यात बोललं गेलं, वरातीची घोडी ती, अफू खाऊन नाचणारच!

त्या दिवसापासून मी बदललो. भ्यालोच म्हणा ना. मला त्या नमुन्याच्या बाटलीची भीती बसली. मोठे डॉक्टर येऊन आम्हाला समजावून गेले, घोड्याला काय चालत नाही, स्वाराला काय चालत नाही. मी सगळं पाठ केलं. तबेल्यात चहा बंद, कारण चहाचाही अंश उतरतो. गुडघ्याला चोळायचा माझा बाम मी उकिरड्यावर फेकला — त्यात मिरचीचा अर्क असतो, आणि हाताला लागून तो घोड्याला गेला तर संपलं. गवतात कोणी लघवीला बसायचं नाही. माणसानं घेतलेली गोळी तिथून घोड्याच्या पोटात जाते. रूथच्या पायांत पेटके येतात, त्याची गोळी तिला घ्यावीच लागते, तर त्याची रीतसर परवानगी काढली. पण गोळी घेतली की साबणानं हात धुतल्याशिवाय मी तिला मैनेला शिवू द्यायचो नाही. पोरंसोरं मला नाकाबंदीमामा म्हणायला लागली. रूथ हसायची, "मामा, मैनेला श्वास तरी घेऊ देता का?" मी चिडायचो. तिला वाटायचं मी शिस्तीचा आहे. मी शिस्तीचा नव्हतो हो. मी घाबरलेला होतो, आणि घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बंदी उठली आणि नगरबाहेरच्या मैदानावर निवड स्पर्धा ठरली. तिथं चांगली चालली की देशाच्या संघात. रूथनं एवढ्या एका दिवसासाठी वर्ष काढलं होतं. स्वप्न वगैरे शब्द मी वापरत नाही, पण ती पोर रोज सकाळी मैनेवर असायची, तापातसुद्धा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैनेला टेम्पोतून आणली. उतरवायची जागा मीच निवडली. गर्दी नको, कोणाचा हात लागायला नको, म्हणून लांब, एका कोपऱ्यात. तिथं खडी पसरलेली होती. उतरताना मैनेचा डावा पुढचा पाय एका टोकदार खडीवर पडला. ती जरा थबकली. मी चालवली — दोन पावलांतच कळलं मला. तळव्याला मार लागला होता. डावा पाय टेकला की मान वर जायची, उजवा टेकला की खाली. लंगडं घोडं असंच मान हलवतं, लांबून शेंबडं पोरसुद्धा ओळखील.

मी तिला तिथंच उभी केली आणि इकडंतिकडं बघितलं.

डॉक्टरांची गाडी पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. समोर. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्यांनी सुई दिली असती, पाय शेकला असता, चार-आठ दिवसांत मैना टुणटुणीत झाली असती. आणि स्पर्धेतून नाव मागं घ्यावं लागलं असतं, कारण दुखण्याचं औषध अंगात असताना उतरता येत नाही. बस. एवढंच झालं असतं. कोणी मरणार नव्हतं. याला काही गुन्हाही म्हणत नाहीत, घोड्याला लागतंच. हा नियम तर मीच सगळ्यांना घोकायला लावला होता. मग मी हाक का नाही मारली?

संध्याकाळी तपासणी होती. डॉक्टर समोर घोडं पळवून बघतात, लंगडत असेल तर बाद. मी टेम्पोच्या मागं मैनेला घेऊन उभा होतो. रूथ आणि बाई खोलीवर सामान लावायला गेल्या होत्या. आणि मी विचार करत होतो की औषध द्यावं तर बाटलीत सापडतं, मलम लावावं तर बाटलीत सापडतं. मग असं काय आहे जे बाटलीत सापडत नाही?

सांगतो. थांबा जरा. पाणी पितो.

माझा बाप लग्नसराईत एक करायचा. घोडी एका पायानं लंगडायला लागली आणि वरात तर घेतलेली असली, की तो तिच्या चांगल्या पायात दुखणं घालायचा. होय, चांगल्या. एक पाय दुखला की घोडं मान हलवतं. दोन्ही सारखे दुखले की कुठल्या पायाला वाचवायचं ते त्याला कळत नाही — मान हलत नाही. घोडं आखडून चालतं, इतकंच. वाजंत्रीच्या गोंगाटात कोणाच्या ध्यानात येतंय? मी लहानपणी ते बघून ओकलो होतो. मोठा झाल्यावर बापाला म्हणालो होतो, माझ्या हातून हे कधी होणार नाही.

मी मैनेच्या उजव्या पायाचा नाल सैल केला. खाली पडलेल्या खडीतलाच एक खडा उचलला, हरभऱ्याएवढा. "पाय दे," म्हणालो. तिनं दिला. शिकवलेली घोडी, माझ्या मांडीवर खूर ठेवून निवांत उभी राहायची. खडा नालाच्या आणि तळव्याच्या मधे बसवला आणि खिळे परत ठोकले. पाय खाली ठेवला तेव्हा ती हिसकली. मान वळवून माझ्याकडं बघितलं तिनं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

हे मी केलं. या हातांनी केलं.

तपासणीला मी तिला पळवली. डॉक्टर मॅडम होत्या. "परत एकदा," म्हणाल्या. परत पळवली. मैना आखडत, खुरडत, पण मान सरळ. "जरा आखडलीये का?"

"टेम्पोत उभी होती ना मॅडम, दिवसभर," मी म्हणालो. माझा आवाज साधा निघाला.

पास.

मला वाटलं होतं, तपासणी झाली की खडा काढीन. बापाशप्पथ वाटलं होतं. पण तपासणीनंतर सगळी घोडी थेट पहाऱ्यातल्या पागेत गेली. कोणी औषध देऊ नये म्हणून तिथं सारखा माणूस उभा. नाल काढायला घेतला असता तर त्यानं विचारलं असतं का, आणि उत्तर माझ्याकडं नव्हतं. का होतं? तिथंही तोंड उघडता आलंच असतं. नाही उघडलं. खडा राहिला. मैना सकाळपर्यंत या पायावरून त्या पायावर होत राहिली असणार. मी बघायला गेलो नाही.

सकाळी रूथ आली, केसांचा घट्ट अंबाडा घातलेला, चेहरा पांढराफटक. "मामा, कशी हाय आज?"

आता बघा, अजूनही वेळ होती. तिच्या कमरेपासून खाली तिला काही कळत नव्हतं, वर चढायचं की नाही हे तिनं माझ्या एका शब्दावर सोडलं होतं. दुखावलेलं घोडं बिथरतं, गुडघ्यावर येतं. ही पोर पट्ट्यांनी खोगिराला धरलेली. घोडी अंगावर पडली असती तर तिला पाय काढून घेता आले असते का? मला हे सगळं माहीत होतं. त्या क्षणी सगळं एकदम डोळ्यांपुढं होतं.

"झकास," मी म्हणालो.

ती चढली.

चौकोनाच्या कठड्याशी मी उभा होतो. शेजारी बाई. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ओठ हलत होते, त्या प्रार्थना करत होत्या. मीही मनात बडबडत होतो, पण काय मागत होतो ते सांगू? मैना पडू नये, रूथला लागू नये — हे होतंच. पण त्याच्या आधी, सगळ्यात आधी — मी सापडू नये. माझी भीती अशी होती. वळणावर मैना एकदा अडखळली आणि रूथ पुढं झुकली. माझ्या घशातून काहीतरी आवाज आला. बाई म्हणाल्या, "घाबरू नका यशवंतराव, देव आहे." मैना सावरली. प्रत्येक पाऊल तिनं मोजून, उचलून, हळूच ठेवलं. थांब म्हटल्यावर थांबली, दगडासारखी. लोक टाळ्या वाजवायला लागले. पंचांना ते चालणं आवडलं. किती संयमाचं चालणं, असं कोणीतरी माझ्या मागं म्हणालं.

उतरल्यावर रूथनं मैनेच्या गळ्याला मिठी मारली. मग मला म्हणाली, "मामा, आज मैना लई गप्प हुती. येगळीच वाटली."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तुझ्यासाठी जपून चालली गं ती."

हे वाक्य मी कुठून आणलं, देव जाणे. ती ढसाढसा रडली. आनंदानं.

नमुन्यासाठी मैनेचंच नाव निघालं. निघणारच होतं. लघवी होईपर्यंत घोडीला एका खोलीत उभं करतात, सोबत एक अधिकारी आणि सांभाळणारा. आम्ही लहानपणापासून घोड्याला शीळ घालून मुतायची सवय लावतो. मी शीळ घालायला लागलो. ओठ कोरडे, शीळ निघेना. निघाली तर मैना मुतेना. घोडी मुतायला पाय फाकवून पुढं भार टाकते, आणि तिच्या दोन्ही पुढच्या पायांत आग होती. कशी मुतणार? अधिकारी भला माणूस. माझ्याकडं बघून म्हणाला, "दमलीये बिचारी. सावकाश होऊ द्या, काका." आणि तो खुर्चीवर बसला. मी शीळ घालत राहिलो. मैना पाय उचलायची, ठेवायची, उचलायची, ठेवायची. त्या माणसाच्या समोर. त्यानं काही ओळखलं नाही. तो बाटलीकडं बघत होता. शेवटी झालं. बाटल्यांना सील लागलं, मी सही केली.

मग टेम्पोमागं नेऊन खडा काढला. तळवा काळानिळा पडला होता, मऊ लागत होता. खडा मी लांब फेकला. ओकलो. मैनेच्या कपाळाला कपाळ टेकवलं, आणि तिनं टेकवू दिलं.

निकाल स्वच्छ आला. एकदम निर्मळ. लाडू मायेनं दिला, तो सापडला. मी केलेलं सापडलं नाही, कारण मी तिला काहीच दिलं नव्हतं. रूथची निवड झाली. वस्तीवर फटाके वाजले.

मैनेचा उजवा पाय पिकला. आतल्या हाडापर्यंत गेलं. गावचे डॉक्टर म्हणाले, "खडीवर उतरवताना काहीतरी घुसलं असणार." मी म्हणालो, "असणार." डावा पाय आपोआप बरा झाला, चांगला होता तो उजवा कायमचा गेला. मैनेवर परत कोणी बसलं नाही. ती माझ्या अंगणात असते, तीन पायांवर भार टाकून. मी जवळ गेलो की काही न सांगता उजवा पाय उचलून माझ्या हातात द्यायला बघते. मी घेत नाही. मला घेववत नाही.

रूथ आता नव्या स्वारांना शिकवायला जाते. शिबिरात पोरापोरींना सांगते की औषधाशिवाय, लपवाछपवीशिवाय जिंकता येतं. त्यात ती मैनेची गोष्ट सांगते. "माझ्या घोडीला कळलं होतं की आज मला तिची गरज आहे, ती माझ्यासाठी जपून चालली." तिथं तिचा आवाज दरवेळी कापरा होतो. पोरं डोळे पुसतात. मग ती पहिल्या रांगेकडं हात करते, आणि हे आमचे मामा, म्हणते. मी उठून उभा राहतो. हात जोडतो. काय करू?

तुम्ही म्हणाल, आता सांगून तिचं सुख कशाला हिरावून घ्यायचं, गप्प बसलात तेच बरं. मीही स्वतःला हेच सांगत आलो. खोटं आहे. मी तिच्या सुखासाठी गप्प नाही. ती माझ्याकडं कशी बघेल याला भिऊन गप्प आहे. शिबिरात कोणी हात वर केला की मला वाटतं, आता हा विचारील, घोडीला नक्की काय झालं? अजून कोणी विचारलं नाही. कोणी शंकासुद्धा घेत नाही. नाकाबंदीमामावर कोण शंका घेणार?

रूथकडं आता दुसरा घोडा आहे, तांबडा, तरणा. त्याचे नाल मीच ठोकतो. आज सकाळी ती आली. मी त्याला चालवून बघितला, चारही पायांवरून हात फिरवला, परत फिरवला. घोडा ठणठणीत. तिनं विचारलं, "मामा, कसा हाय आज?"

"झकास," मी म्हणालो. खरंच होता. आवाज अगदी त्या दिवशी निघाला होता तसाच निघाला. रूथनं माझ्या तोंडाकडं बघितलंही नाही, हात पुढं केले, आणि मी तिला उचलून वर बसवलं.